पाठीवरचं इंजिन: टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

सोयाबीन पंचवीस-तीस दिवसांचं झालं, चक्रीभुंग्याने देठाभोवती पाडलेल्या दोन चकत्या दिसायला लागल्या, की शिरूर अनंतपाळच्या बाजारात मशिनरीच्या दुकानांपुढे फवारणीचे पंप ओळीने मांडले जातात. रंगीत टाक्या, त्यांच्या मागे दोन मुठींएवढं इंजिन, बाजूला ओढायची दोरी. गिऱ्हाईक पायरी चढलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मामा, टू देऊ का फोर?" साकोळ, येरोळ, उजेडकडून आलेला माणूस त्या प्रश्नापाशी थबकतो. दोन्हींची टाकी सारखी, दांडी सारखी, नोझल सारखं. फरक आहे तो आत, पिस्टनने किती वेळा खाली-वर केल्यावर एकदा पेट घ्यायचा, एवढाच. पण त्या एवढ्याशा फरकावर पेट्रोलचा खर्च, धूर, दुरुस्ती आणि पाठीवरचं वजन असं सगळं टांगलेलं आहे.

मी याच तालुक्यातला. घरी राजदूत होती, पुढे हिरो होंडा आली. हात पंप होता, पुढे पेट्रोलवरचा 'तैवान पंप' आला आणि आता बॅटरीचा आला. त्यामुळे टू की फोर हा वाद मी पुस्तकात वाचायच्या आधी अंगणात ऐकला. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं होत गेलं. हे भांडण इंजिनाच्या गुणावगुणांवर सुटत नाही. इंजिनाचं वजन कोण वाहतो, यावर सुटतं. रस्त्यावर चाक वाहतं, तिथे निकाल एक लागला. बर्फात यंत्र स्वतःलाच वाहतं, तिथे निकाल दुसरा लागला. आमच्या शेतात माणूस वाहतो. तिथला निकाल अजून लागायचा आहे, आणि तो लावताना वाहणाऱ्याला कोणी विचारत नाही.

आधी यंत्र समजून घेऊ. फोर-स्ट्रोकची रीत जर्मनीच्या निकोलाउस ओटोने १८७६ मध्ये चालवून दाखवली: हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं आणि जळका धूर बाहेर टाकणं. चार कामं, चार फेऱ्या, म्हणजे क्रँकचे दोन पूर्ण वेढे. प्रत्येक कामाची वेळ सांभाळायला वॉल्व, कॅम, टॅपेट असा लवाजमा लागतो. टू-स्ट्रोकवर स्कॉटलंडच्या ड्यूगल्ड क्लार्कने ओटोनंतर थोड्याच वर्षांत काम केलं आणि जोसेफ डे याने १८९० च्या आसपास त्याला आजचं साधं रूप दिलं. वॉल्व नाहीत. सिलिंडरच्या भिंतीला भोकं, आणि पिस्टनच वर-खाली होताना ती उघडतो-झाकतो. प्रत्येक वेढ्याला एक पेट.

यात खोट कुठे आहे ते सांगायला मला आमच्या यात्रेतली एसटी आठवते. गर्दीच्या वेळी पुढचं आणि मागचं दार एकाच वेळी उघडलं तर उतरणारे उतरतात, चढणारे चढतात, आणि चढलेल्यांपैकी काही जण रेटारेटीत दुसऱ्या दाराने पुन्हा बाहेर पडतात. टू-स्ट्रोकमध्ये नेमकं हेच होतं. जळका धूर बाहेर काढायचं भोक आणि ताजं मिश्रण आत घ्यायची भोकं काही क्षण एकत्र उघडी असतात. ताजं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. साध्या कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये हा वाया जाणारा भाग तीस टक्क्यांपर्यंत पोहोचतो. फोर-स्ट्रोकमध्ये कंडक्टर दक्ष आहे. तो जवळजवळ प्रत्येक वेळी एकच दार उघडतो. म्हणून पेट्रोल वाचतं, पण त्या कंडक्टरचा पगार वजनाच्या रूपात द्यावा लागतो.

टू-स्ट्रोकची दुसरी खूण म्हणजे तेल. ताजं मिश्रण क्रँकच्या पेटीतूनच वर जातं, त्यामुळे त्या पेटीत फोर-स्ट्रोकसारखं ऑइल भरून ठेवता येत नाही. ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं आणि पेट्रोलबरोबर जळतं. निळसर धूर आणि तो ओळखीचा वास तिथून येतो. ज्यांचं तरुणपण आरएक्स १०० मोटरसायकलच्या आवाजात गेलं, त्यांना तो वास आजही गोड लागतो.

रस्त्यावरची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्यांना माहीत आहे. १९८५ पर्यंत मराठवाड्यातल्या गावरस्त्यावर जे काही दोन चाकांवर धावायचं ते बहुतेक टू-स्ट्रोकच होतं: एस्कॉर्ट्सची १७५ सीसीची राजदूत, म्हैसूरची येझदी, नगरच्या कायनेटिकची लुना, बजाजची चेतक. चेतक सकाळी सुरू होत नसली की तिला कुशीवर आडवी करून मग किक मारायची, हे ज्ञान शाळेतल्या पोरालाही होतं. त्याच १९८५ मध्ये दोन गोष्टी घडल्या. औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि मराठवाड्याच्या कितीतरी घरांत कारखान्याचा पगार यायला लागला. आणि देशात दोन शंभर सीसीच्या गाड्या आल्या, एक टू-स्ट्रोक, एक फोर-स्ट्रोक: यामाहा आरएक्स १०० आणि हिरो होंडा सीडी १००.

या दोन गाड्या शेजारी ठेवून पाहिल्या तर सगळा वाद समोर उभा राहतो. आरएक्सचं इंजिन ९८ सीसी, ताकद ११ अश्वशक्ती. सीडीचं ९७ सीसी, ताकद साधारण सात. प्रत्येक वेढ्याला पेट म्हणजे कागदावर ताकद दुप्पट व्हायला हवी होती. प्रत्यक्षात दीडपटीवर थांबली, कारण बाकीची त्या दुसऱ्या दाराने निघून गेली. उलट एक लिटर पेट्रोलमध्ये सीडी ८० किलोमीटरच्या आसपास जाते असं कंपनी सांगायची आणि आरएक्सवाला त्याच्या निम्म्यावर समाधान मानायचा. ज्याला दूध घेऊन रोज निलंग्याला किंवा उदगीरला जायचं होतं, त्याने हिशेब केला. तरण्या पोरांनी केला नाही. पण गाड्यांची संख्या तरण्या पोरांवर ठरत नाही. १९९६ मध्ये आरएक्स १०० बंद झाली, येझदीचा कारखानाही त्याच वर्षी थांबला. १ एप्रिल २००० पासून धुराचे नियम कडक झाले, मग भारत स्टेजच्या पायऱ्या एकामागून एक आल्या आणि रस्त्यावरचा टू-स्ट्रोक संपत गेला. खेड्यात गवताचे भारे आणि दुधाचे कॅन वाहणारी टीव्हीएसची एक्सएल तेवढी बरीच वर्षं तग धरून राहिली. २०१५ मध्ये तिलाही फोर-स्ट्रोक इंजिनाची एक्सएल १०० ही धाकटी बहीण आली, आणि पुढे तीच उरली.

म्हणजे रस्त्यावर फोर-स्ट्रोक जिंकला. पण तो जिंकला याचं एक कारण असं की तिथे पाच-दहा किलो वजन वाढलं तर कोणाच्याच ते लक्षात येत नाही. चाक तक्रार करत नाही. त्याआधीही शेतकऱ्याने जड इंजिन बिनतक्रार पोसलेलं आहे. विहिरीवरचं किर्लोस्करचं डिझेल इंजिन बैलगाडीतून न्यायचं, चार माणसांनी उतरवायचं आणि मग ते सगळा हंगाम एका जागी धडधडत राहायचं. त्याच्या वजनाबद्दल कोणी कधी बोललं नाही.

आता जरा दूर जाऊ. काश्मीरला गेलेल्या मराठी पर्यटकांनी गुलमर्गच्या बर्फात ती घसरगाडी पाहिली असेल, पुढे दोन स्की आणि मागे रबरी पट्टा. तिथे तिला स्नो स्कूटर म्हणतात. कॅनडा आणि अमेरिकेत उंच डोंगरांतल्या भुसभुशीत बर्फावर चालवायच्या खास स्नोमोबाईल बनतात, आणि त्यांच्या जगात आमच्या दुकानाच्या पायरीवरचाच प्रश्न गेली वीस वर्षं गाजतो आहे. एकीकडे हलकं टू-स्ट्रोक, दुसरीकडे टर्बो बसवलेलं फोर-स्ट्रोक. उंचावर हवा विरळ असते. दर तीनशे मीटरला साध्या इंजिनाची ताकद सुमारे तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे तीन हजार मीटरवर तीस टक्के गेली. टर्बो हवा कोंबून ती तूट भरून काढतो. यामाहाने २०१७ च्या मॉडेलसाठी ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो फोर-स्ट्रोक आणलं, दोनशे अश्वशक्तीच्या घरातलं. सरळ सपाट मैदानात त्याला तोड नव्हती. पण डोंगरी टू-स्ट्रोक गाडीचं कोरडं वजन दोनशे किलोच्या आसपास असतं आणि टर्बो फोर-स्ट्रोकचं त्याहून चाळीस-पन्नास किलो जास्त. भुसभुशीत बर्फात ते वजन गाडीला खाली ओढतं. रुतलेली गाडी खोऱ्याने उकरून काढणारा माणूस अश्वशक्ती मोजत नाही, किलो मोजतो.

पुढे काय झालं ते मला फार बोलकं वाटतं. टू-स्ट्रोक बनवणाऱ्यांनी आधी त्याचं दुसरं दार बंद केलं. पेट्रोल कार्बोरेटरमधून न देता, भोकं झाकली जाताना थेट सिलिंडरमध्ये फवारायचं. म्हणजे बाहेर जाईल ती नुसती हवा. मग त्यांनी फोर-स्ट्रोकचा टर्बोच उचलून टू-स्ट्रोकला लावला. स्की-डूची कारखान्यातूनच टर्बो लावून येणारी टू-स्ट्रोक गाडी २०१९ च्या शरदात आली, पोलारिसची २०२१ मध्ये. आणि जिने आमच्याकडे टू-स्ट्रोकवर नाव कमावलं, पण बर्फात फोर-स्ट्रोकची बाजू धरली, त्या यामाहाने २०२३ मध्ये स्नोमोबाईलचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याला कारणं अनेक असतील. पण डोंगरातला कौल हलक्या यंत्राकडे झुकला, हे त्यांच्या वादात नीट दिसतं.

लातूरचं पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या थोडं वर आहे. विरळ हवेची अडचण आम्हाला नाही. पण रुतण्याची आहे. पावसाची उघडीप मिळाली की काळ्या रानात फवारणीला उतरावं लागतं, आणि प्रत्येक पावलाला चपलेला किलोभर चिखल लागतो. बर्फातल्या गाडीसारखाच माणूस रुततो, फक्त त्याच्या पायात पट्टा नसतो.

त्या माणसाचा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून मी मांडतो. पेट्रोल पंपाचं कोरडं वजन आठ ते अकरा किलो. टाकी वीस लिटरची, काही पंचवीसच्याही. म्हणजे भरलेला पंप खांद्यावर घेताना अठ्ठावीस ते एकतीस किलो, पंचवीसच्या टाकीला त्याहून जास्त. साध्या फवारणीला एकरी दोनशे लिटर पाणी धरलं तर वीसच्या दहा टाक्या. चालताना दोन मीटरचा पट्टा भिजतो असं धरलं तर एका एकरात दोन किलोमीटर चालणं होतं. पाण्याच्या ड्रमापर्यंतच्या खेपा वेगळ्या. दिवसाला पाच एकर मारणारा माणूस दहा किलोमीटरच्या वर चालतो आणि पन्नास वेळा तो पंप पाठीवर चढवतो. पंप विकत घेणारा आणि हे करणारा माणूस निम्म्या वेळा वेगवेगळे असतात. मालक दुकानात येतो, सालगडी किंवा रोजाचा माणूस रानात असतो.

एकदा मात्र मी वेगळं पाहिलं. एक शेतकरी आपल्या गड्याला बरोबर घेऊन दुकानात आला होता. दुकानदार दोन्ही इंजिनांचं कौतुक सांगत होता. गडी काही बोलला नाही. त्याने दोन्ही टाक्यांत नळाचं पाणी भरून घेतलं, एकेक पंप पाठीला लावून समोरच्या रस्त्यावर फेरी मारली आणि परत येऊन विचारलं, "ह्येचा पट्टा रुंद मिळंल का?" टू की फोर याबद्दल त्याला काहीच म्हणायचं नव्हतं. दुकानदाराकडे रुंद पट्टा नव्हता. त्या दिवसापासून मी कुठलाही पंप पाहिला की आधी त्याचे पट्टे पाहतो. बहुतेक पट्ट्यांची रुंदी दोन-अडीच बोटं असते, आणि तीस किलो त्यावर लटकतात.

पाठीवरच्या पंपात फोर-स्ट्रोक फार उशिरा आला, त्याचं कारण तेलच. साध्या फोर-स्ट्रोकच्या तळाशी ऑइल साचलेलं असतं. इंजिन कललं, उलटं झालं, तर ते ऑइल वर सिलिंडरमध्ये शिरतं. माणूस वाकतो, पंप बांधावर आडवा पडतो, गाडीवर कसाही टाकला जातो. म्हणून हातातली आणि पाठीवरची जवळपास सगळी यंत्रं, झाडं कापायची करवत, गवत कापायचं यंत्र, हवेचा फवारा, ही टू-स्ट्रोकच होती. होंडाने १९९७ मध्ये कुठल्याही बाजूला कलवलं तरी चालणारं छोटं फोर-स्ट्रोक काढलं. त्यात ऑइल तळाशी पडून न राहता धुक्यासारखं करून फिरवलं जातं. आज पंपावर दिसणारं जीएक्स ३५ हे त्याच घराण्यातलं, ३५.८ सीसी, सुमारे साडेतीन किलो वजनाचं, शंभर मिली ऑइलवर चालणारं. त्याची हुबेहूब नक्कल केलेली चिनी इंजिनं बाजारात ढिगाने आहेत. समोर उभं राहणारं टू-स्ट्रोक बहुधा २६ सीसीचं असतं आणि तेवढीच ताकद थोड्या कमी वजनात देतं. एकूण पंपाचा विचार केला तर दोघांत किलो-दीड किलोचा फरक. पेट्रोल मात्र फोर-स्ट्रोकला तिसरा हिस्सा तरी कमी लागतं. जर्मनीच्या स्टीलने मधला मार्ग काढला: वॉल्व फोर-स्ट्रोकचे, पण तेल टू-स्ट्रोकसारखं पेट्रोलमध्येच मिसळलेलं. तळाशी ऑइलच नाही, तर सांडणार काय? कल्पना चांगली आहे, पण आमच्या बाजारात ती फार कमी दिसते.

दुरुस्तीची बाजू मिस्त्री सांगतात ती पुस्तकापेक्षा खरी आहे. टू-स्ट्रोक खोलायला सोपा. प्लग काळा पडला तर काढून पुसायचा, सायलेन्सर कार्बनने भरला तर तो खोलून जाळायचा, फार झालं तर पिस्टन-रिंग बदलायची. पाना आणि प्लगची चावी असली की बांधावर काम होतं. फोर-स्ट्रोकला टॅपेट सेट करावे लागतात, आणि त्या बारक्या वॉल्ववर हात बसलेला माणूस प्रत्येक गावात नसतो. पण चुकांचा स्वभाव पाहा. टू-स्ट्रोकमध्ये कोणी घाईत साधं पेट्रोल ओतलं, टू-टी ऑइल घालायचं राहिलं, की पहिल्याच टाकीत पिस्टन सीझ होतो. एका लिटरला ४० मिली की २० मिली, हे प्रमाण पंपागणिक वेगळं. कोणी अंदाजाने बुचाने ओततं. फोर-स्ट्रोकमध्ये चुकून मिश्रण ओतलं तर धूर होतो, प्लग खराब होतो, इंजिन मरत नाही. ते मरतं वेगळ्याच कारणाने: ते शंभर मिली ऑइल दोन-दोन हंगाम कोणी बदलत नाही, पातळी पाहत नाही. म्हणजे टू-स्ट्रोकला रोजची सावधगिरी लागते आणि फोर-स्ट्रोकला महिन्याची आठवण. एकाच घरात दोन्ही पंप असतील तर दोन कॅन वेगळ्या रंगाचे ठेवा. हा सल्ला फुकटचा वाटेल, पण आमच्या घरात एक सिलिंडर त्यापायी गेलेलं आहे.

आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळायला लागलं आणि आता सगळीकडे तेच आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पंपाचं काम हंगामी. जुलैत एकदा, ऑगस्टमध्ये दोनदा, मग तूर फुलावर येईपर्यंत कोपऱ्यात. पावसाळी हवेत महिनाभर पडलेल्या टाकीत पाणी पुरेसं मुरलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून फुटून तळाला बसतं. टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. कार्बोरेटर ओढतो तळातून. म्हणजे मिश्रण अगदी मापात केलेलं असूनही इंजिनाला बिनतेलाचा घोट मिळू शकतो. फोर-स्ट्रोकला हा धोका नाही. तो सुरू होणार नाही, दोरी ओढून हात दुखेल, पण सीझ होणार नाही. दोघांच्याही रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे पडदे मात्र कडक होतात. फवारणी संपली की टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच पंप ठेवायचा. लाखाच्या मोटरसायकलपेक्षा या काही हजारांच्या पंपाला ही शिस्त जास्त लागते.

या सगळ्याच्या खाली एक प्रश्न आहे जो दुकानात कोणी विचारत नाही: मुळात एवढी ताकद लागते कशाला? पाणी नोझलमधून ढकलायला फार ताकद लागत नाही. मिनिटाला साडेतीन लिटर, चार बार दाबाने ढकलायचे तर पंचवीस वॅटसुद्धा पुरतात. मोटरचा आणि पंपाचा तोटा धरून चाळीस-पन्नास. जीएक्स ३५ सारखं इंजिन हजार वॅट देतं. ती ताकद खरी खर्च होते हवेच्या फवाऱ्यात. तिथे पंख्याने हवेचा झोत तयार करून त्यात औषधाचे बारीक थेंब सोडतात; हवा ढकलणं हे पाणी ढकलण्यापेक्षा कितीतरी महाग काम आहे. आंब्याच्या बागेत, दाट वाढलेल्या तुरीत तो झोत उपयोगी पडतो. गुडघाभर सोयाबीनमध्ये पडत नाही.

म्हणूनच बॅटरीचा पंप इतक्या लवकर घरोघरी पोहोचला. सोळा लिटरची टाकी, 'बारा बाय आठ'ची बॅटरी, म्हणजे बारा व्होल्ट, आठ अँपिअर-तास. त्यात शंभर वॅट-तासांपेक्षा थोडी कमीच वीज मावते. एक लिटर पेट्रोलमध्ये त्याच्या सुमारे नव्वदपट ऊर्जा असते. तरीही ती इवलीशी बॅटरी दोन-तीन तास सोयाबीन भिजवते, कारण काम तेवढंच आहे. दिवसभराच्या कामाला 'बारा बाय बारा' आणि दुहेरी मोटर घेतात, आणि मग वजन पुन्हा वाढतं. २०२४ च्या खरिपात कापूस-सोयाबीनच्या विशेष कृती योजनेतून बॅटरी पंप शंभर टक्के अनुदानावर देण्यासाठी महाडीबीटीवर अर्ज मागवले गेले आणि निवड सोडतीने झाली. टू आणि फोर यांचं भांडण चालू असताना तिसऱ्यानेच वावर काबीज केलं, असं आज आमच्या तालुक्यात म्हणता येईल. दोन-तीन एकरवाल्याला पेट्रोल पंप घ्यायचं कारणच उरलेलं नाही.

औषधाच्या मात्रेबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण ती चुकली तर जीव जातो. साध्या पंपाची मात्रा सांगून 'पॉवर पंपासाठी तिप्पट करा' हे वाक्य कृषी सल्ल्यात आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. ते वाक्य हवेच्या फवाऱ्यासाठी होतं, जिथे एकरी पाणी तिपटीने कमी लागतं आणि एकरी औषध तेवढंच राहतं. आजच्या पेट्रोल किंवा बॅटरी पंपाने साधं नोझल लावून मारताना पाणी कमी झालेलंच नसतं. अशा वेळी टाकीत औषध तिप्पट घातलं तर रानावर आणि अंगावर तिप्पटच पडतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, आणि बारीक तुषार उडवणाऱ्या पंपांकडेही बोट दाखवलं गेलं. आपला पंप एकराला किती टाक्या घेतो, हे नुसत्या पाण्याने एकदा मारून मोजायला अर्धा दिवस लागतो. तो अर्धा दिवस प्रत्येकाने काढावा, असं मी हात जोडून सांगेन.

धुराचाही हिशेब आहे. भारत स्टेजचे नियम मोटार वाहनांसाठी आहेत. पाठीवरचा पंप वाहन नाही. रस्त्यावर ज्या इंजिनाला आपण घालवलं, तेच इंजिन माणसाच्या कानापासून हातभर अंतरावर बांधलं. कानाशी आवाज नव्वद डेसिबलच्या घरात, वर न जळलेलं पेट्रोल आणि तेलाचा धूर, आणि समोरून औषधाचे तुषार. कॅलिफोर्निया राज्याने २०२१ मध्ये कायदा करून २०२४ पासून अशा बहुतेक छोट्या इंजिनांची नवी विक्री थांबवायचं ठरवलं. आपल्याकडे तसा कायदा येईल तेव्हा येवो. पण निदान फोर-स्ट्रोकची शिफारस करायला मला एवढं कारण पुरेसं आहे. पाच एकरांच्या वर जमीन असेल, दिवसभर पंप चालवायचा असेल, तर फोर घ्या. किलोभर जास्त वजन घेऊन धूर कमी होत असेल तर तो सौदा वाहणाऱ्याच्या बाजूचा आहे. टू-स्ट्रोक मला फक्त करवतीत आणि हवेच्या फवाऱ्यात योग्य वाटतो, जिथे त्याच्या हलकेपणाला पर्याय नाही.

खरं तर वजन पाठीवरून उतरवण्याचे मार्गही आहेत. जास्त दाबाचा एचटीपी पंप बांधावर ठेवून शंभर मीटर नळी ओढत मारणं आमच्याकडे द्राक्ष-डाळिंबवाल्यांनी आणलं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने बैलाने ओढायचं, सौर ऊर्जेवर चालणारं फवारणी यंत्र विकसित केलं; टाकी चाकांवर, माणूस मोकळा. ते मला या सगळ्या यादीत सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, पण त्यासाठी दारात बैलजोडी हवी, आणि ती दावण आता रिकामी होत चालली आहे. ड्रोन आले आहेत, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने महिला बचत गटांसाठी ड्रोन दीदी योजना मंजूर केली. दहा लिटरच्या टाकीत एकराचं काम दहा मिनिटांत होतं. पट्टा मोठा आणि शेजाऱ्याचं पीक वेगळं नसेल तर ते ठीक आहे.

पण दिवाळीच्या पुढे-मागे तूर फुलावर येते, शेंगा पोखरणारी अळी दिसायला लागते, आणि छातीच्या वर गेलेल्या त्या दाट ओळींत बैलही शिरत नाही आणि ट्रॅक्टरही नाही. तिथे माणूसच जातो, पाठीवर पंप घेऊन. त्याला टाकीच्या हिशेबाने मजुरी दिली जाते, म्हणून टाकी काठोकाठ भरायची मालकाला घाई असते. मजुरी एकराच्या हिशेबाने ठरवा आणि वीसची टाकी पंधरापर्यंतच भरा. पाच लिटर म्हणजे पाच किलो. टू-स्ट्रोक काढून फोर बसवला किंवा फोर काढून टू बसवला, तरी पाठीवरच्या वजनात एवढा फरक कधी पडत नाही.